प्लॅन तीनशेचा, तरी डेटाबेस रखडतो: आधी हेलपाटे मोजा

प्रश्न थोडक्यात असा. विलेपार्ले पूर्वेला राहणाऱ्या एक ताई घरून फराळाचा व्यवसाय करतात. वर्षभर बेताचं काम, पण गणपती झाले की दिवाळीपर्यंत झुंबड, आणि त्यातला बराच माल कुरिअरने परदेशी जातो. गिऱ्हाइकं, पत्ते, ऑर्डरी, येणी सगळं भाच्याने करून दिलेल्या मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसच्या (नोंदी ठेवायच्या, म्हणजे डेटाबेसच्या प्रोग्रामच्या) एका फाइलीत आहे. ती फाइल आतल्या खोलीतल्या पीसीवर, शेअर केलेल्या फोल्डरमध्ये असते. सून त्या पीसीवर बसते, ताई स्वयंपाकघरालगतच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन, आणि फोनवर ऑर्डरी घेणारी मुलगी हॉलमध्ये दुसऱ्या लॅपटॉपवर. तिन्ही मशीन वायफायवर. फोन नंबर टाकून गिऱ्हाईक शोधायला अर्धा मिनिट लागतो. सुनेला मात्र कधीच त्रास नाही. तिने फाइल बंद केली की ताईंच्या लॅपटॉपवर बरं चालतं, ती परत बसली की पुन्हा रडगाणं. इंटरनेटवाल्याच्या सांगण्यावरून शंभर एमबीपीएसचा प्लॅन तीनशेचा केला, स्पीड टेस्ट छान येते, फरक शून्य. आता नवा राउटर घ्यावा की नवा पीसी, असं त्या विचारतात.

ताई, तूर्त दोन्ही नको. तीनशेच्या प्लॅनवर नातवंडांची कार्टुनं न अडकता चालत असतील, तेवढा त्याचा उपयोग. तुमच्या ऑर्डरींशी त्याचा काडीचा संबंध नाही. तुमच्या लॅपटॉपवरून निघालेली मागणी राउटरपर्यंत जाते, तिथून आतल्या खोलीतल्या पीसीकडे वळते आणि उत्तर त्याच वाटेने परत येतं. हा सगळा प्रवास घरातल्या घरात होतो. बिल्डिंगच्या डक्टमधून आलेली फायबर त्यात कुठेच येत नाही. इंटरनेट बंद पडेल त्या दिवशी मुद्दाम फाइल उघडून बघा, आज उघडते तशीच रखडत उघडेल. इंटरनेटवाल्याने स्पीड टेस्ट करून दाखवली त्यात तो खोटं काही बोलला नाही. त्याने त्याची बाजू मोजली, तुमचं दुखणं दुसरीकडे आहे.

आता ते दुखणं नेमकं काय, ते नीट समजून घ्या, कारण हे समजलं की पुढचे निम्मे खर्च आपोआप टळतात.

अ‍ॅक्सेसची फाइल पीसीवर ठेवली म्हणून पीसी काही हिशेब करत नाही. ‘हा फोन नंबर कुणाचा’ हे शोधण्याचं काम तुमच्या लॅपटॉपवरचं अ‍ॅक्सेस करतं. पीसी फक्त मागेल तो फाइलीचा तुकडा काढून देतो. हे तुकडे म्हणजे पानं, अ‍ॅक्सेस २००० पासून एक पान चार केबीचं. थोडक्यात, जाडजूड वही आतल्या खोलीत, वाचणारा स्वयंपाकघरात, आणि मधला पोऱ्या एका खेपेला एकच पान आणून देणार. पान वाचून झालं की पुढच्यासाठी पुन्हा हेलपाटा.

समजा तुमच्या ऑर्डरींच्या टेबलात चाळीस हजार नोंदी आहेत आणि एक नोंद सरासरी तीनशे बाइटची. म्हणजे साधारण १२ एमबी, म्हणजे तीन हजार पानं. तीनशे एमबीपीएसच्या रस्त्यावरून १२ एमबी एकगठ्ठा जायला सेकंदाचा तिसरा हिस्सा पुरतो. पण इथे एकगठ्ठा काही जातच नाही. एक हेलपाटा १ मिलिसेकंदाचा असेल तर तीन हजार हेलपाट्यांना तीन सेकंद. हेलपाटा १० मिलिसेकंदांचा असेल तर तीस सेकंद. तुमचा अर्धा मिनिट कुठून येतो ते दिसलं? विंडोज मध्येच दोन-चार पानं एका दमात उचलतं, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा थोडा खाली-वर होईल, पण हिशेबाचा साचा हाच. रस्ता रुंद केला तरी पोऱ्याची चाल तीच राहते. उपाय दोनच: एका हेलपाट्याचा वेळ कमी करायचा, नाहीतर हेलपाटेच कमी करायचे. पहिलं वायरिंगचं काम, दुसरं भाच्याचं.

सून बसली की बिघडतं, हा तुमच्या प्रश्नातला सगळ्यात कामाचा धागा. शेअर केलेली फाइल एकाच मशीनने उघडलेली असेल तर विंडोज त्या मशीनला मुभा देतं, की वाचलेली पानं स्वतःच्याच मेमरीत ठेव, दर वेळी विचारायला येऊ नकोस. त्यामुळे तुम्ही एकट्या असता तेव्हा पहिला शोध हळू, पुढचे पटापट होतात. दुसऱ्या कुणी तीच फाइल उघडली की ही मुभा काढून घेतली जाते, कारण समोरच्याने काही बदललं तर तुमच्या मेमरीतलं पान शिळं ठरेल. मग प्रत्येक पानासाठी पुन्हा पीसीच्या दारात. ही मुभा काढून घेणं बिघाड नव्हे, ते तसंच व्हायला हवं, नाहीतर दोघींच्या नोंदी एकमेकींवर चढतील. सुनेचं काम सुरळीत चालतं कारण फाइल तिच्याच मशीनच्या डिस्कवर आहे, तिच्या वाट्याला नेटवर्क येतच नाही. तेव्हा ‘तिच्याकडे चालतं मग माझ्याकडे का नाही’ यावरून लॅपटॉपला दोष देऊ नका.

हे मी म्हणतो म्हणून मानू नका, मोजून बघा. तुमच्या लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि पीसीच्या आयपी पत्त्याला (नेटवर्कवरच्या त्याच्या नंबराला) पिंग लावा, म्हणजे त्याला हाक मारून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजा, साधं चार वेळाचं नको, शंभर वेळाचं. भाच्याला सांगितलं तर फोनवरून दोन मिनिटांत करून घेईल. शेवटी तीन आकडे येतात: कमीत कमी, जास्तीत जास्त, सरासरी. लोक सरासरी बघून उठतात. तुम्ही जास्तीत जास्तचा आकडा बघा, आणि वरच्या ओळी स्वतः डोळ्यांनी वाचा. वायरने जोडलेल्या घरात सगळ्या ओळी एक मिलिसेकंदाच्या आत येतात, विंडोज तिथे ‘एकपेक्षा कमी’ असंच छापतं. चांगल्या वायफायवर दोन-चार-पाच. आणि ज्या घरात डेटाबेस रखडतो तिथे ओळी अशा दिसतात: ३, ४, ३, ८७, ५, ४, १४२, ६, मध्येच एक ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’, पुन्हा ४. शंभर ओळींत असे उचके चार-पाचच असले तर सरासरी दहाच्या आसपास येते, म्हणून कुणाला काही वावगं वाटत नाही. व्हिडिओ बघताना हे उचके कळत नाहीत, कारण तिथे पुढचा भाग आधीच उतरवून ठेवलेला असतो. अ‍ॅक्सेसला प्रत्येक उचका लागतो.

हे मोजमाप संध्याकाळी सात-आठनंतर करा, घरात टीव्हीवर काहीतरी चालू असताना. दुपारी तीनला सगळं छानच येतं.

दुसरी चाचणी फाइल कॉपीची. एखादी एक जीबीची व्हिडिओ फाइल पीसीवरून लॅपटॉपवर ओढा आणि वेग बघा. मग दोन-तीन हजार बारीक फोटो असलेला एखादा फोल्डर ओढा. मोठी फाइल झटकन आली आणि बारीक फायली रडतखडत आल्या, तर रस्ता रुंद आहे पण हेलपाटा महाग आहे. दोन्ही रखडलं, तर रस्ताच अरुंद आहे किंवा कुठेतरी तुटलाय. पुढे काय करायचं ते बरंचसं इथेच ठरतं.

आता फ्लॅटकडे येऊ. मुंबईतल्या बहुतेक घरांत राउटर मुख्य दाराशी, शू-रॅकच्या वर किंवा टीव्हीमागे असतो, कारण फायबर तिथून आत येते आणि ती ओढणाऱ्या मुलाला त्याहून आत जायचा कंटाळा. पीसी सगळ्यात आतल्या खोलीत. मधे दोन भिंती, एक लोखंडी कपाट, आणि तुमच्या बाबतीत स्वयंपाकघरातला फ्रिज आणि मायक्रोवेव्ह. जुन्या पार्ल्यातल्या बिल्डिंगमध्ये विटांच्या जाड भिंती, नव्या टॉवरमध्ये काँक्रीटच्या आत सळ्यांची जाळी, दोन्ही वायफायचे शत्रू. शिवाय शेजारीपाजारी. फोनवर वायफायची यादी उघडली तर वीस-तीस नावं सहज दिसतील. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल फक्त तीन, १, ६ आणि ११. तीस घरं, तीन मार्गिका. मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात गुरगुरतो, म्हणून वाटीभर दूध गरम करताना तुमचा लॅपटॉप अडखळत असेल तर तो भास नाही.

५ गिगाहर्ट्झवर परिस्थिती बरीच बरी. आपल्याकडे ऑक्टोबर २०१८ मध्ये या पट्ट्यातला मोठा भाग विनापरवाना वापराला खुला झाला, त्यामुळे तिथे गर्दी कमी आहे. पण ५ गिगाहर्ट्झ भिंतीतून फार जात नाही. राउटर आणि लॅपटॉप एकाच खोलीत किंवा एका भिंतीआड असतील तर लॅपटॉप ५ वरच बांधून ठेवा. राउटरने दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलेलं असेल तर वेगवेगळी नावं द्या, म्हणजे लॅपटॉप मधेच २.४ वर घसरणार नाही.

तुमच्या घरातली खरी गोम मात्र वेगळीच आहे: पीसीसुद्धा वायफायवर आहे. वायफायवर एका वेळी एकच बोलू शकतो. तुमचं पान पीसीवरून राउटरला हवेतून जातं आणि राउटरवरून तुमच्याकडे पुन्हा हवेतूनच येतं. म्हणजे प्रत्येक हेलपाटा दुप्पट, उचक्यांची शक्यताही दुप्पट, आणि मुलीच्या लॅपटॉपची पानं याच रांगेत. म्हणून सगळ्यात आधी, बाकी कशाला हात न लावता, पीसी वायरने राउटरला जोडा. ज्या मशीनवर डेटा आहे ते मशीन वायफायवर नसावं, या बाबतीत मी कधीच तडजोड करत नाही. कारण फक्त वेगाचं नाही. अ‍ॅक्सेस पान लिहीत असताना मधेच वायफाय तुटलं तर फाइल बिघडू शकते, आणि ऐन वसुबारसेला ‘डेटाबेस ओळखता येत नाही’ असा निरोप वाचायची वेळ कुणावर येऊ नये.

वायर ओढायच्या आधी एक दिवसाची रंगीत तालीम करा. पीसी तात्पुरता उचलून राउटरपाशी आणा, किंवा एक लांब लॅन केबल जमिनीवरून सरळ टाका, कुणी अडखळणार नाही अशी. तुमचा लॅपटॉपही त्याच राउटरला वायरने जोडा. नव्या पातळ लॅपटॉपला लॅनचं भोक नसतं, त्यासाठी यूएसबीचा अ‍ॅडॅप्टर मिळतो, घेताना गिगाबिटचा आणि यूएसबी ३ चा मागा. एक दिवस तसं काम करा. अर्ध्या मिनिटाचा शोध तीन-चार सेकंदांवर आला तर निदान पक्कं झालं, आणि कुठे पैसे घालायचे तेही. काहीच फरक पडला नाही तर वायरिंगवर रुपया खर्चू नका, थेट पुढच्या भागाकडे या, गडबड फाइलीत आहे.

केबलबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण लोक इथेच फसतात. लॅमिंग्टन रोडला गेलात तर दहा दुकानांत दहा भावांच्या ‘कॅट सिक्स’ केबली मिळतील. स्वस्तातल्या पुष्कळ केबलींत आत अ‍ॅल्युमिनियम आणि वर तांब्याचा मुलामा असतो. त्या वाकवल्या की तुटतात आणि लांब अंतरावर सिग्नल गळतो. ‘शुद्ध तांब्याची’ असं स्पष्ट मागा आणि टोक सोलून बघा. तार चाकूने खरवडली आणि आत पांढरी निघाली तर परत करा. तुमच्या फ्लॅटला कॅट फाइव्ह ई सुद्धा भरपूर झाली, ती शंभर मीटरपर्यंत गिगाबिट नेते, तुम्हाला पंधरा-वीस मीटर लागेल. इलेक्ट्रिशियनला सांगा की विजेच्या पाइपातून ओढायची नाही, वेगळी केसिंगपट्टी मारून स्कर्टिंगवरून न्यायची. तो ‘काही होत नाही मॅडम’ म्हणेल. ऐकू नका.

वायर लागली की विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड बघा. १००० दिसायला हवं. १०० दिसलं तर घाबरू नका, पण कारण शोधा. गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात, शंभरला चारच पुरतात. एखादी तार नीट दाबली गेली नसेल तर दोन्ही टोकांची मशीनं गुपचूप शंभरवर समेट करतात, कुणी तक्रार करत नाही. मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत प्लगच्या धातूच्या पट्ट्यांवर हिरवट-काळपट थर चढतो, दोन पावसाळ्यांनंतर हे हमखास. टोक कापून नवा प्लग बसवला की काम होतं. आणि एक शक्यता अशी की राउटरचीच भोकं शंभरची असतील. प्लॅनबरोबर फुकट मिळणाऱ्या डब्यांत अशी पुष्कळ असतात. तसं निघालं तर राउटर बदलायची गरज नाही. पाच भोकांचा साधा गिगाबिट स्विच घ्या, हजार-दीड हजाराच्या आसपास मिळतो, पीसी आणि लॅपटॉप त्यात जोडा, आणि स्विचमधून एक वायर राउटरला. मग घरातली पानं स्विचच्या आतूनच फिरतील, राउटरला फक्त इंटरनेटचं काम राहील.

तुमच्याकडे इंटरनेटवाल्याचा डबा वेगळा आणि नंतर घेतलेला राउटर वेगळा, असं आहे का? बऱ्याच घरांत असतं, आणि मग पीसी एकाच्या वायफायवर आणि लॅपटॉप दुसऱ्याच्या, दोन नेटवर्क एकात एक. फाइल कधी दिसते कधी दिसत नाही, याचं ते एक कारण. दुसरा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो स्वतःचं वेगळं नेटवर्क न करता फक्त वायफाय पसरवेल, एवढंच.

वायफाय एक्स्टेंडर घेऊ नका. भिंतीत खोचायचे ते पांढरे ठोकळे सिग्नलच्या काड्या वाढवून दाखवतात, पण बहुतेक ठोकळे तीच गोष्ट हवेतून दोनदा बोलतात. विजेच्या वायरिंगमधून नेटवर्क नेणारे अ‍ॅडॅप्टरही मिळतात. जुन्या बिल्डिंगच्या वायरिंगवर त्यांचा भरवसा नाही.

आता भाच्याचं काम. वायर लावून हेलपाटा स्वस्त झाला, पण हेलपाटे तेवढेच राहिले. पुढच्या वर्षी ऑर्डरी दुप्पट झाल्या की दुखणं परत येणार.

पहिली गोष्ट, फाइल दुभंगा. अ‍ॅक्सेसमध्ये ‘डेटाबेस टूल्स’ खाली तयार सोय आहे. टेबलं एका फाइलीत राहतात, ती पीसीवर. फॉर्म, क्वेरी, रिपोर्ट दुसऱ्या फाइलीत, आणि तिची प्रत प्रत्येक लॅपटॉपच्या स्वतःच्या डिस्कवर. आत्ता तुम्ही ऑर्डरीचा फॉर्म उघडता तेव्हा त्या फॉर्मची रंगसंगती, बटणं, तुमचा लोगो हे सगळंही नेटवर्कवरून ओढलं जातं. त्यातलं काहीही ओढायची गरज नाही. शिवाय तिघी एकाच फॉर्मच्या फाइलीत बसलेल्या असणं हे फाइल बिघडण्याचं मोठं निमित्त असतं. दुभंगण्याआधी सगळ्यांनी बाहेर पडायचं आणि फाइलीची प्रत वेगळी ठेवायची, हे भाच्याला माहीत असेलच.

दुसरी गोष्ट फार लोकांना ठाऊक नसते आणि तिचा परिणाम मोठा आहे. कुणीही डेटाची फाइल उघडली की तिच्याशेजारी एक छोटी लॉक फाइल तयार होते, शेवटचा माणूस बाहेर पडला की ती पुसली जाते. फाइल दुभंगल्यावर एखादा फॉर्म बंद करून दुसरा उघडण्याच्या मधल्या क्षणी तुमच्या लॅपटॉपचं डेटाशी नातं पूर्ण तुटतं, आणि पुढच्या फॉर्मला पुन्हा पहिल्यापासून ओळखपाळख, परवानगी, लॉक फाइल. ‘दुभंगल्यावर उलट हळू झालं’ अशी तक्रार येते ती बहुधा यामुळेच. उपाय सोपा: अ‍ॅप सुरू होताच एक लपवलेला फॉर्म उघडायचा, जो डेटातल्या एखाद्या चिमुकल्या टेबलाला बांधलेला असेल, आणि तो दिवसभर उघडाच ठेवायचा. नातं तुटत नाही. दहा मिनिटांचं काम आहे.

तिसरी गोष्ट फोन नंबरच्या शोधाची. टेबल डिझाइनमध्ये फोनच्या रकान्याला इंडेक्स (पुस्तकामागच्या सूचीसारखी तयार यादी) आहे का, ते आधी बघा. इंडेक्स नसेल तर एक नंबर शोधायला तीनच्या तीन हजार पानं चाळावी लागतात. असेल तर दहा-बारा पानांत काम होतं. वर केलेला हिशेब आठवा, तीस सेकंदांचं काम डोळ्याची पापणी लवण्याइतकं होतं, तेही त्याच वायफायवर.

पण माझा अंदाज असा की इंडेक्स असूनही तो वापरला जात नसेल. शोधाच्या फॉर्ममध्ये बहुतेक जण टाइप केलेल्या आकड्यांच्या आधी आणि नंतर फुल्या (*) लावून देतात, म्हणजे नंबरात कुठेही हे आकडे असलेले सगळे दाखव. आकड्यांच्या आधी फुली आली की इंडेक्सचा उपयोग संपला, कारण नंबर कशाने सुरू होतो तेच माहीत नाही. आता तुम्ही म्हणाल, की गिऱ्हाईक फोनवर शेवटचे चार आकडे सांगतं, मग सुरुवातीपासून कसं शोधणार? बरोबर आहे. म्हणून टेबलात एक जादा रकाना करा, ‘शेवटचे चार’, त्यात फक्त तेवढेच भरा आणि त्याला इंडेक्स लावा. जुन्या नोंदींसाठी एक अपडेट क्वेरी एकदाच चालवायची, नव्यासाठी फॉर्मच भरेल. परदेशातल्या नंबरांच्या सुरुवातीच्या कोडचा घोळही यातून सुटतो. नावाच्या शोधाला मात्र सुरुवातीची फुली काढून टाका. ‘कुलक’ टाइप केल्यावर कुलकर्णी आले म्हणजे झालं, ‘र्णी’ वरून कुणी शोधत नाही.

तसंच फॉर्म उघडताना चाळीस हजार ऑर्डरी मागवू नका. फॉर्म रिकामा उघडावा, गिऱ्हाईक निवडलं की त्याच्याच ऑर्डरी याव्यात. यादीत प्रत्येक ओळीपुढे ‘एकूण येणं’ काढायला डी-लुकअप किंवा डी-सम (टेबलातून एकेक आकडा काढून आणणारी सूत्रं) वापरलं असेल तर ते काढून एकाच क्वेरीत जोडा. ओळी पन्नास असतील तर ते पन्नास वेगळे शोध असतात. टेबलांचं ‘सबडेटाशीट’ (नोंदीखाली जोडलेल्या टेबलातल्या नोंदी दाखवणारी सोय) ऑटोवर असतं ते ‘नन’ करा. आणि आठवड्यातून एकदा, सगळे बाहेर असताना, कॉम्पॅक्ट अँड रिपेअर, म्हणजे फाइलीतली वाया गेलेली जागा काढून ती आवळणं. फाइलीची कमाल मर्यादा २ जीबी आहे. फराळाचे फोटो किंवा कुरिअरच्या पावत्या त्यात चिकटवल्या असतील तर बाहेर काढून फोल्डरमध्ये ठेवा, टेबलात फक्त त्यांचा पत्ता.

पीसीकडे एक नजर. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर एक पान शोधायला तिलाच दहा-पंधरा मिलिसेकंद लागतात, मग वायर कितीही चांगली लावा. एसएसडी टाका, नवा पीसी नको. झोपी जाण्याची सेटिंग बंद करा. अँटिव्हायरसला डेटाच्या त्या एका फोल्डरपुरती सूट द्या, अख्ख्या डिस्कला नाही. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीपासून शेअर केलेल्या फोल्डरच्या प्रत्येक निरोपावर डिजिटल सही सक्तीची झाली आहे आणि पासवर्डविना पाहुणा म्हणून शिरणं बंद झालं आहे. अपडेटनंतर अचानक फोल्डर दिसेनासा झाला तर हे बघा. पीसीवर पासवर्डसह एक वेगळा युजर करून त्यानेच जोडणं हा योग्य मार्ग. वेगासाठी सही बंद करा असं सांगणारे भेटतील. तिघींच्या कामाला त्या सहीचा भार जाणवतसुद्धा नाही.

एक गोष्ट कळकळीने. कुणीतरी तुम्हाला सांगेलच, की फाइल गुगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हवर टाका, सगळीकडून उघडेल. चालू अ‍ॅक्सेस फाइल तिथे ठेवायची नाही. ड्राइव्ह अख्खी फाइल उचलून प्रत बनवतो, तिच्या आत कोण काय लिहितंय हे त्याला कळत नाही. दोघींनी एकाच वेळी नोंदी केल्या की दोन वेगळ्या प्रती होतात आणि एकीच्या दिवसभराच्या ऑर्डरी दुसऱ्या प्रतीत अडकून राहतात. रात्री सगळं बंद केल्यावरची बॅकअपची प्रत तिथे जरूर ठेवा.

उद्या मुलाला ऑफिसातून किंवा तुम्हाला गावाहून ऑर्डरी बघायच्या झाल्या, तर फाइल इंटरनेटवरून उघडायचा विचारही नको. घरातला १० मिलिसेकंदांचा हेलपाटा तिथे चाळीस-पन्नासचा होतो. पीसीवर विंडोज प्रो असेल तर व्हीपीएन लावून त्याच्या पडद्यावर दुरून काम करा; मग इकडून तिकडे फक्त चित्र जातं, पानं नाहीत. शेअरिंगचं ४४५ क्रमांकाचं पोर्ट राउटरवर बाहेरच्या जगाला उघडं करायचं नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने जगभर धुमाकूळ घातला तो याच दारातून.

खऱ्या डेटाबेस सर्व्हरवर जायचं का? जायचं, पण दिवाळी झाल्यावर. एसक्यूएल सर्व्हरची एक्सप्रेस आवृत्ती फुकट आहे, २०२२ पर्यंतच्या आवृत्तीत एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा, तुम्हाला आयुष्यभर पुरेल. पोस्टग्रेस किंवा मारियाडीबी हे दुसरे डेटाबेस सर्व्हरही चालतील. तिथे शोधण्याचं काम पीसीच करतो आणि तुमच्याकडे फक्त उत्तराच्या चार ओळी येतात, त्यामुळे वायफायचे उचकेही फारसे बोचत नाहीत. अ‍ॅक्सेसचे फॉर्म तसेच ठेवून टेबलं ओडीबीसीने (प्रोग्रामला डेटाबेसशी जोडणाऱ्या विंडोजच्या सोयीने) जोडता येतात. दोन अडचणी भाच्याला आधीच सांगून ठेवा. एक्सप्रेस बसवल्यावर त्याची टीसीपी जोडणी बहुधा बंदच असते, ती कॉन्फिगरेशन मॅनेजरमधून उघडावी लागते आणि फायरवॉलमध्येही वाट द्यावी लागते. यात लोकांची अख्खी दुपार जाते. आणि फॉर्म पूर्वीसारखेच सगळ्या ऑर्डरी मागवत राहिले तर सर्व्हरवर जाऊनही वेग येणार नाही, कधी उलट आणखी रखडतं. म्हणून वर सांगितलेली फॉर्मची दुरुस्ती आधीच करून ठेवा, ती वाया जाणार नाही. टॅलीचा डेटा शेअर केलेल्या फोल्डरमध्ये ठेवून दोन-तीन मशीनवर चालवणाऱ्यांनाही पीसी वायरने जोडणं आणि पिंगचं मोजमाप हे जसंच्या तसं लागू आहे.

या आठवड्यात तुम्ही पीसीला वायर लावा आणि भाच्याकडून इंडेक्स एवढंच करून घ्या; फाइल दुभंगायचं आणि लपवलेल्या फॉर्मचं काम रविवारी, ऑर्डरी बंद असताना. तरीही शोध पाच सेकंदांच्या वर राहिला तर मला तीन गोष्टी कळवा: संध्याकाळच्या शंभर पिंगच्या सगळ्या ओळी, पीसी आणि लॅपटॉप दोन्हींचा लिंक स्पीड, आणि कॉम्पॅक्ट केल्यानंतरचा फाइलीचा आकार. स्पीड टेस्टचा फोटो नको.